अंगदाचा पाय आणि बसूबाई

एक पाऊल टाकायला माणसाला किती श्वास लागतो हे कुणी मोजत नव्हतं, तोवर दुर्गा सोवनीचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे काय, पडत होती, उठत होती, गुडघे सोलवटून घेत होती. पण त्याचा आकडा कुणाला सांगावा लागत नव्हता.

आता लागत होता. मिरजेच्या चालमापन केंद्रातल्या लांब गुळगुळीत पट्ट्यावर, तोंडाला मुखवटा लावून, सहा मिनिटं चालून ती नुकतीच थांबली होती. वय चौदा, अंगानं काडी, दोन घट्ट वेण्या, आणि दोन्ही पायांना गुडघ्याखाली करड्या कार्बनचे ब्रेस. सरकारी योजनेत त्यांचं नाव ‘सोबती’. बुटांत बसवलेल्या त्या सोबतीतून एका बाईचा मधाळ आवाज आला, “दुर्गा, आता बसू या.”

“बसते गं बाई, बसते,” दुर्गानं मुखवटा ओढून काढला. “तुला दुसरं काही येतं का?”

पहिल्याच आठवड्यात तिनं त्या आवाजाचं नाव ठेवलं होतं, बसूबाई.

दुर्गा सातव्या महिन्यात जन्मली. त्या गडबडीत मेंदूतून पायांकडे जाणाऱ्या तारा जरा दुखावल्या. पाय धड होते, पण त्यांना मिळणारा हुकूम गोंधळलेला. पाऊल पुढं न्यायला एक स्नायू ओढायचा आणि त्याच क्षणी त्याच्या उलटा स्नायूही ओढायचा. एकाच गाडीला दोन्ही टोकांना बैल जुंपले तर जी गत होईल, तीच ही. गाडी सरकते, पण बैल फेसाटतात. तिच्या वयाची दुसरी मुलगी जेवढ्या शक्तीत किलोमीटरभर चालते, त्याच्या अडीचपट दुर्गाची खर्ची पडायची.

सोबतीमागची कल्पना साधी होती. घोट्यामागं एक पातळ पान. पाऊल टेकून अंग पुढं झुकलं की पान धनुष्यासारखं वाकून ताण साठवतं, आणि टाच उचलताना तोच ताण पायाला परत देतं. पान फार ताठ असेल तर घोटा हलत नाही. फार मऊ असेल तर गुडघा दुमडून माणूस खाली बसतं. प्रत्येक मुलाचा बरोबर ताठपणा वेगळा. पूर्वी डॉक्टर तो अनुभवानं ठरवायचे, आता यंत्र स्वतः ठरवायचं. छातीवर चिकटवलेली रुपयाएवढी चकती श्वास आणि ठोके मोजायची, आणि पावलामागं किती शक्ती गेली हे ताडून पान कणाकणानं सैल-घट्ट होत राहायचं. दिवसाची ठरलेली मर्यादा ओलांडली की बसूबाई बोलायची. तरी बसलं नाही तर घोटा कुलूपबंद. मूल दमून पडू नये म्हणून. दहा मिनिटं बसलं की कुलूप आपोआप उघडायचं.

केंद्रातली चालतज्ज्ञ हेमांगी नलवडे पडद्याकडे बघत होती. तिनं दुर्गाच्या आईला जवळ बोलावलं.

“वहिनी, वर्षात चालण्याचा शक्तीखर्च कमी व्हायला हवा होता. निदान पाचव्या हिश्शानं. हिचा चार टक्के वाढलाय.”

“वाढलाय?” आई शाळेत गणित शिकवायची; आकडा चुकला असावा तसं तिनं विचारलं.

“योजनेचा नियम तुम्हाला माहीत आहे. फायदा झाला नाही तर सोबती परत घेऊन दुसऱ्या मुलाला द्यायचा. यादीत चारशे मुलं थांबलीत. हिला मोटारची खुर्ची मिळेल, चांगली असते.”

“खुर्ची मला आवडते,” दुर्गा बाकावरून म्हणाली. “शाळेत मी खुर्चीच वापरते की. मधल्या सुट्टीत पोरं मागं लटकून फिरतात. पण ताई, मला नारदाच्या गादीवर उभं राहायचंय. त्यासाठी सोबती हवा.”

हेमांगीला गादी कळली नाही. तिनं अर्ज पुढं केला. शेवटी दोनच चौकोन होते. एक ‘मूल अपात्र’, दुसरा ‘यंत्र सदोष’. “यंत्र मी तीनदा तपासलं. ठणठणीत आहे.”

“म्हणजे सदोष उरले मीच.”

“तसं नाही गं.” हेमांगी खरंच ओशाळली. “एकवीस दिवसांनी एक फेरचाचणी मिळते. सकाळी दहाला. त्यातही नाही जमलं तर त्याच संध्याकाळी सोबती जमा.”

दुर्गानं बोटांवर दिवस मोजले. एकविसाव्या दिवशी नारदजयंती होती. आणि नारदजयंतीला संध्याकाळी सहाला, गल्लीतल्या रामाच्या देवळात, तिचं पहिलं कीर्तन होतं.

*

श्रीरंगबुवा ओकांकडे ती सहा वर्षं कीर्तन शिकत होती. बुवा सत्तरीचे, आवाज अजून खणखणीत, आणि शब्द आवाजाहून. त्यांच्याकडे एका गोष्टीला सूट नव्हती. प्रवचन बसून, कीर्तन उभ्यानं. देवापुढच्या ज्या हातभर जागेवर कीर्तनकार उभा राहतो ती नारदाची गादी. तिथं अनवाणी उभं राहायचं, झांज हातात घ्यायची, दोन पावलं पुढं, दोन मागं, आणि देवाची गोष्ट अंगात भिनवून सांगायची. त्या जागी जो उभा राहील, तो पोर असला तरी, कीर्तन संपल्यावर थोर-थोर माणसं त्याच्या पायांवर डोकं ठेवतात. पाया पडायचं ते माणसाच्या नव्हे, गादीच्या.

केंद्रातून आल्यावर दुर्गानं सगळं सांगितलं. बुवा बराच वेळ उपरण्याचं टोक पिळत राहिले.

“दुर्गे, मी विश्वस्तांशी बोललोय. तू बसून कर. तुझ्यापुरतं आपण चालवून घेऊ.”

“चालवून घ्यायला मी काय फाटकी नोट आहे, बुवा?”

तबल्यावरचा गोविंद फिस्सकन हसला. बुवांनी त्याच्याकडे रोखून बघितलं.

“अगं, प्रेमानं सांगतोय.”

“माहीत आहे. म्हणून तर राग येतोय. सहा वर्षं तुम्हीच सांगितलंत, नारद त्रैलोक्य हिंडला तो काय खुर्चीवर बसून? आणि आता माझ्या वेळेला नारद दमला होय?”

“जीभ बघा! ही जीभ मीच धार लावून दिली, भोगतो आता.” बुवांचे डोळे मात्र चमकले. “आख्यान कुठलं घेतेस?”

“अंगदशिष्टाई.”

बुवांनी मान हलवली. रावणाच्या दरबारात जाऊन पाय रोवून उभा राहिलेला, आणि ज्याचा पाय अख्ख्या लंकेला हलवता आला नाही, तो अंगद. दुसरं काय निवडणार होती ही?

“ऊठ मग. नमनापासून.”

ती उठली. बूट दाराबाहेर होते. सोबती तेवढे पायांत. दोन पावलं पुढं, दोन मागं. मागच्या पावलाला तोल गेला, तिनं खांब धरला. पुन्हा पुढं. पूर्वरंग अर्धा झाला नाही तोच कमरेत आग पेटली आणि निरूपणाच्या मध्येच गोड आवाज आला, “दुर्गा, आता बसू या.”

गोविंदनं तबल्यावर थाप मारली. “बाई तालात बोलते बरं का, बुवा. समेवर येते.”

सगळे हसले. दुर्गाही हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून तिनं डोळे पुसले.

*

दुर्गाच्या घराखाली हारूनचाचांचा कारखाना होता. तानपुरे आणि सतारी. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि मधोमध चाचा मांडीवर तानपुरा घेऊन बसलेले. लहानपणी दुर्गा पायऱ्या चढून दमली की इथंच टेकायची. त्या दिवशीही टेकली.

चाचा जवारी काढत होते. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा कानस मारून असा घासायचा, की तार टेकतेय की नाही टेकतेय असं व्हावं; मगच सूर गुंजतो. केसभर कमी-जास्त झालं की तानपुरा मुका.

“काय गं, तोंड का उतरलंय?”

तिनं सांगितलं. ऐकता ऐकता चाचांची नजर मात्र तिच्या पायांवर. ती चौकटीला टेकून उभी होती, बूट बाहेर काढून, अनवाणी, सोबती घातलेली.

“बेटा, तुझी घोडी मागं कललीय.”

“म्हणजे?”

चाचांनी दाराच्या चौकटीला गवंड्याचा ओळंबा टांगला. “दोरीला लागून उभी राहा. हं. आता बूट घाल आणि पुन्हा राहा.”

बूट घातल्यावर नडगी दोरीच्या दोन बोटं पुढं झुकलेली. बूट काढल्यावर तीच नडगी बोटभर मागं. कारण उघड होतं. बुटाला टाचेखाली उंची असते. टाच वर आली की नडगी पुढं कलते, अंगाचा भार पंजावर येतो आणि मागचं पान वाकतं. बूट काढले की टाच खाली, नडगी मागं, आणि पान वाकायलाच तयार नाही.

“घरात बूट घालतेस?”

“घरात? आई तंगडी मोडेल.”

“देवळात?”

“चाचा! काहीतरीच.”

“शाळेत?”

“वर्गाबाहेर काढून ठेवतात. आम्ही सतरंजीवर बसतो.”

“मग घालतेस कधी?”

“रस्त्यावर. आणि...” दुर्गा थांबली. “आणि केंद्रात.”

ती वर गेली आणि सोबतीची पुस्तिका घेऊन खाली आली. तिसऱ्या पानावर चित्र होतं. एक गोंडस मूल घरात, पलंगाशेजारी, गालिच्यावर खेळतंय, पायांत बूट. वर्षापूर्वी हे चित्र पाहून दुर्गाला एवढंच वाटलं होतं, की ह्या बिचाऱ्याला आई नसावी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सोबती नेहमी बुटासह वापरावा.’ आईनंही ते वाचलं होतं. वाचून तिच्या मनात आलेला अर्थ असा, की बाहेर जाताना चप्पल नको, बूट घाला. देवघरासमोरून कुणी बूट घालून जाईल हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

म्हणजे वर्षभर यंत्र शिकलं ते अनवाणी दुर्गाकडून. पान वाकत नाही, ताण साठत नाही, म्हणून बिचाऱ्यानं ते कडक करत नेलं, आणखी कडक. आणि केंद्रात बूट चढले की तेच अतिकडक पान पावलागणिक गुडघ्याला मागं रेटायचं. तिथं आकडा चढायचा. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला फक्त घर म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

“चाचा, टाचेखाली काहीतरी बसवता येईल?”

“त्यात काय. जवारी काढायची.”

तुनीच्या लाकडाच्या दोन पाचरी निघाल्या, सतारीच्या दांडीतून उरलेल्या. सोबतीच्या तळाला बसतील अशा, खाली घसरू नये म्हणून बुचाची चकती, आणि बांधायला सुती नाडी. बुटात जाताना नाडी सोडली की पाचर हातात. यंत्राला एक स्क्रूसुद्धा लावला नाही, की काढला नाही. मग तीन दिवस कानस. दुर्गा चालायची आणि चाचा डोळे मिटून ऐकायचे.

“डावं अजून घासतंय. ये इकडे.”

चौथ्या दिवशी फरशीवर खट-घस्स, खट-घस्सऐवजी टक, टक असा आवाज आला. चाचांनी डोळे उघडले. “बोलली बघ.”

बुवांनी पाचरी हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. गादीवर पादत्राण चालत नाही.

“कातडं?”

“नाही.”

“रबर?”

“नाही. तुनीचं लाकूड, बुवा. तुमच्या तानपुऱ्याचं.”

“मग हे वाद्य झालं,” बुवा म्हणाले. “वाद्याला देवळात मज्जाव नाही.”

*

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. यंत्राला जुनी सवय मोडायला वेळ लागत होता. दुसऱ्या आठवड्यात बसूबाई पूर्वरंग संपेपर्यंत गप्प राहू लागली. दुर्गानं केंद्रात फोन केला आणि हेमांगीला एका दमात सगळं सांगितलं.

“बूट काढता तुम्ही,” हेमांगी हळूच म्हणाली. “अर्थात काढता. मीही काढते घरी. हे मला कसं नाही सुचलं?”

“मग आता सोबती घातलेल्या बाकीच्या मुलांचं...”

“थांब. हे सिद्ध करावं लागेल. फेरचाचणीला ये, मी बघते. मात्र सकाळी दहालाच. तारीख वरून येते, माझ्या हातात नाही.”

इथं खरी मेख होती. सहा मिनिटांची चाचणी, त्याआधी तासभर तारा-चकत्या, येणं-जाणं, यात दुर्गाचा निम्मा दिवस संपायचा. उरलेल्या शक्तीत चाळीस मिनिटांचं कीर्तन उभं राहणं अशक्य. पाचरी होत्या, जादू नव्हती.

आईनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी जेवताना ती एकदम म्हणाली, “चाचणीला जायचं. कीर्तन पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी पायांत सोबती नसला तर?”

“आणि चाचणी बुडवलीस तर त्याच संध्याकाळी नसेल! एका संध्याकाळसाठी कायमचा घालवायचा?”

“चाचणीतही पाचवा हिस्सा उतरेल असं नाही, आई. मला माझं अंग कळतं. नाही उतरणार.”

“हट्ट म्हणजे भक्ती नव्हे, दुर्गा.”

“मग भक्ती म्हणजे काय? सांगतील तिथं बसणं?”

आईचा घास हातात राहिला. चौदा वर्षं रोज सकाळी तिनं ते दोन पाय तेलानं चोळले होते, ताणले होते. पडण्याचा प्रत्येक आवाज तिला स्वयंपाकघरातून ओळखता यायचा. कुठला गुडघा टेकला तेसुद्धा.

“मला तू दमलेली बघवत नाही गं,” ती म्हणाली.

“मला दमायचंय, आई.” दुर्गाचा आवाज खाली आला. “सगळे माझी शक्ती वाचवायला बघतात. वाचवून करू काय? देवानं मला दिवसाला ओंजळभर दिलीय, तुम्हाला घागरभर असेल. पण ओंजळ माझी आहे. शाळेत जायला मी खुर्ची घेते, बाजारात खुर्ची घेते, ती का? तर ही ओंजळ मला जिथं वाहायचीय तिथं वाहता यावी म्हणून. पट्ट्यावर सहा मिनिटं सरळ चालण्यात मला नाही ती वाहायची.”

आई उठली, ताट न उचलता खिडकीशी जाऊन उभी राहिली.

दुर्गानं हेमांगीला कळवलं, सकाळी येत नाही.

“मग मला संध्याकाळी यावं लागेल,” हेमांगी म्हणाली. “सोबती न्यायला. वाईट वाटतं, पण यावं लागेल.”

“या की. सहाला आहे कीर्तन. जरा आधी या, पुढं जागा मिळेल.”

*

नारदजयंतीच्या दिवशी दुर्गा दिवसभर खुर्चीतून उठली नाही. पाणीसुद्धा आईनं हातात दिलं. साडेपाचला आईनं तिला नऊवारी नेसवली. घोट्याखाली घोळदार नेसवायला गेली, सोबती झाकावेत म्हणून.

“वर घे, आई. दिसू दे.”

आई थबकली. मग तिनं निऱ्या सोडल्या आणि लुगडं चांगलं वीतभर वर नेसवलं, वर चापूनचोपून. आठ दिवसांत तिचा हात पहिल्यांदा हलका लागला.

देवळाच्या पायरीपर्यंत खुर्ची. तिथून गादीपर्यंत बावीस पावलं, ती दुर्गानं आधीच मोजून ठेवली होती. टक, टक. सभामंडपात दीडशे माणसं. हारूनचाचा खांबाला टेकून, नजर पाचरींवर. बुवा स्वतः पेटीवर बसलेले. दुर्गानं झांज हातात घेतली आणि त्याच वेळी तिला दारात हेमांगी दिसली, खांद्याला केंद्राची पिशवी, कमरेशी टॅबलेट. देवळाच्या उंबऱ्याशी येताच हेमांगीनं न बघता, न थांबता, टाचेला टाच लावून दोन्ही बूट काढले आणि आत आली. दुर्गाला हसू फुटलं. त्या हसण्यातच तिनं नमन सुरू केलं.

पूर्वरंगात तिनं निरूपणाला घेतलं ते उभं राहणं. झाड उभं आहे म्हणून सावली देतं, समई उभी आहे म्हणून उजेड पोचतो. दोन पावलं पुढं, दोन मागं. मध्यंतरी बुवांनी उठून तिच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला, नामाचा गजर झाला. वीस मिनिटं झाली होती. पोटऱ्या थरथरू लागल्या होत्या, पण आवाज चढा लागला होता.

उत्तररंगात अंगद लंकेत शिरला. दुर्गानं रावणाचा दरबार उभा केला. सोन्याचे खांब, सोन्याची आसनं, आणि दूताला बसायला मात्र जागा नाही. लोक रंगले. “तर मंडळी, तो दहा तोंडांचा रावण, वानराच्या पोराकडे बघतो आणि म्हणतो...”

कीर्तनकाराचा माइक तिच्या पदराला होता. दीडशे माणसांनी स्पष्ट ऐकलं.

“दुर्गा, आता बसू या.”

बुवांची बोटं पेटीवर थांबली. आई खुर्चीचा दांडा धरून अर्धी उठली. हेमांगीनं टॅबलेट काढला. कुलूप दहा मिनिटं लांबवायचं बटण तिच्याकडे होतं, तिनं बोट उचललंही. दुर्गानं तिच्याकडे बघून मान हलवली. नको. मग झांज वर केली.

“ऐकलंत?” ती गरजली. “रावण म्हणतो, बस! किती गोड आवाज होता हो मेल्याचा! अहो, गोड बोलूनच तर सीता नेली त्यानं! म्हणतो, अंगदा, लांबून आलास, दमलास, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, बस!”

हशाची लाट उठली ती गाभाऱ्यापर्यंत गेली. आणि त्या हशातच दोन्ही घोट्यांत कट्ट आवाज झाला. कुलूप.

आता पाऊल उचलणं नव्हतं. पुढं नाही, मागं नाही. दुर्गानं खाली बघितलं. उजवा पाय अर्धं पाऊल पुढं होता, तिथंच रोवला गेलेला, दगडी फरशीवर तुनीची पाचर घट्ट. तिनं हळूच डोकं वर केलं आणि अशी हसली, की बुवांच्या अंगावर काटा आला.

“अंगद म्हणाला, रावणा, बसायचं नंतर बघू. हा बघ, मी पाय रोवला! तुझ्या लंकेत कुणी असेल त्यानं हा हलवून दाखवावा. हलला, तर राम हरला आणि मी चाललो!”

गोविंदची थाप पडली. तिनं स्वतः बांधलेलं पद उचललं,

“रोविला पाय, आता हलेना
बोलवा तुमची सगळी सेना!”

लोकांनी धरलं. पहिल्यांदा पोरांनी, मग बायकांनी, मग खांबाजवळच्या हारूनचाचांनी. लंकेचा एकेक वीर आला, घाम गाळून गेला. दुर्गाच्या मांड्या पेटल्या होत्या, कमरेतून कळा येत होत्या, डोळ्यांपुढं समईच्या दोन समया झाल्या होत्या. ती रेलायला खांब शोधत नव्हती. आईची आणि तिची नजरानजर झाली. आईनं खुर्चीचा दांडा सोडला, खाली मांडी घातली आणि टाळ्यांचा ठेका धरला, गणिताच्या बाईंसारखा चोख.

“शेवटी रावण स्वतः उठला. दहा मुकुट सावरत वाकला, अंगदाच्या पायाला हात घालणार, तोच अंगद म्हणाला, अरे, माझे पाय कशाला धरतोस? धरायचेच तर रामाचे धर! रावण शरमला आणि माघारी गेला. पाय हलला नाही, मंडळी. हलला नाही!”

आरती झाली. माणसं पाया पडायला रांगेनं आली. पहिले बुवा. सत्तर वर्षांचं ते डोकं सोबतीच्या करड्या कार्बनवर टेकलं, आणि दुर्गानं हात जोडले. आई आली, तिनं पाचरीला हात लावून तो डोळ्यांना लावला. सगळ्यांत शेवटी हेमांगी.

ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात सोबतीच्या पट्ट्यांपाशी गेले. बकलापाशीच.

“तीन आठवड्यांचे आकडे मी आत्ता मागं बसून बघितले,” ती खालूनच म्हणाली. “खर्च पंधरा टक्के उतरलाय. पाचवा हिस्सा नाही, दुर्गा.”

“सांगितलं होतं मी आईला.”

“नियमानं मला...”

“ताई,” दुर्गाचा आवाज बसला होता, तरी माइक चालू होता. “माझे पाय कशाला धरता? ज्यांनी हे बनवलं त्यांना इथं आणा. आणि आधी उंबऱ्याशी बूट काढायला लावा.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. हेमांगी तशीच बसून राहिली. मग तिनं वाकून कपाळ टेकलं, फरशीवर मांडी घातली आणि अर्ज उघडला. ‘मूल अपात्र’वरून बोट सरकलं आणि ‘यंत्र सदोष’वर खूण झाली.

“सदोष यंत्राची तपासणी होईस्तोवर ते मुलाकडेच ठेवायचं असतं. आणि आता एकट्या तुझं नाही, वाटलेले सगळेच सोबती तपासावे लागतील, अनवाणी. मला वर बोलणी बसतील, बसू देत.” तिनं मान वर केली. “कारण लिहायचंय. एका ओळीत.”

दुर्गानं पायांतल्या सोबतीकडे बघितलं.

“लिहा, ह्याला उंबरा कळत नाही.”

हेमांगीनं तसंच लिहिलं. मग दुर्गानं गळ्यातला हार काढून बुवांच्या हातात दिला, पदराचा माइक सोडला आणि आईकडे मान वळवली.

“आई, खुर्ची आण. आता मला बसायचंय.”